दोर हातात घेण्यापूर्वी : टोइंग आणि सॅल्व्हेज

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हौशी नौकाधारकाची बोट भर पाण्यात बंद पडली, दुसऱ्या बोटीने ती ओढून बंदरात आणली आणि सर्वजण सुखरूप आहेत, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात व तेथेच संपतात. बोटमालकाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. मिळालेली मदत टोइंग (नुसती ओढून नेण्याची सेवा) होती की सॅल्व्हेज (संकटातून बोट वाचवण्याची सेवा)? काठावरून पाहणाऱ्याला दोन्हींत एकच दृश्य दिसते : पुढे एक बोट, मागे एक बोट आणि मध्ये दोर. पण टोइंग असेल तर तासाच्या हिशेबाने किंवा आधी ठरलेल्या दराने बिल येते. सॅल्व्हेज असेल तर वाचलेल्या बोटीची किंमत, तिच्यावरचे संकट आणि वाचवणाऱ्याने पत्करलेली जोखीम यांकडे पाहून मोबदला ठरतो आणि तो टोइंगच्या बिलाच्या कित्येक पट असू शकतो. हा भेद अनेक मालकांना मागणीपत्र हातात पडल्यावरच कळतो, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

गैरसमजाचे मूळ आपल्या रस्त्यावरच्या सवयीत आहे. मोटार बंद पडली की आपण टोइंग व्हॅन बोलावतो, ती गॅरेजपर्यंत नेऊन सोडते, पैसे देऊन आपण मोकळे होतो. बंद मोटार निदान जागेवर उभी तरी राहते. बंद बोट उभी राहत नाही. वारा आणि प्रवाह तिला कुठेतरी नेतच असतात, आणि ते 'कुठेतरी' मोकळे पाणी आहे की खडक आहे, यावर सगळा हिशेब बदलतो. सागरी कायद्याने टोइंग आणि सॅल्व्हेज वेगळे ठेवले ते याच कारणाने.

हा भेद अलीकडच्या वकिलांनी काढलेला नाही. इंग्लंडच्या ॲडमिरल्टी न्यायालयाचे न्यायाधीश डॉ. लशिंग्टन यांनी १८४९ मध्ये 'प्रिन्सेस ॲलिस' या जहाजाच्या खटल्यात टोइंगची जी व्याख्या केली तिचा आधार आजही घेतला जातो. एका जहाजाचा प्रवास लवकर व्हावा एवढ्याचसाठी दुसऱ्या जहाजाची सेवा घेतली आणि वेग वाढवण्यापलीकडे कशाचीही गरज नसली, तर ते टोइंग, असा तिचा आशय आहे. म्हणजे टोइंगमध्ये संकट गृहीत नाही. आहे ती फक्त अडचण. सॅल्व्हेजला मात्र तीन गोष्टी लागतात : मालमत्तेवर खरे संकट असावे, मदत करणाऱ्यावर ती करण्याचे आधीपासूनचे बंधन नसावे, आणि मदतीमुळे बोट पूर्ण किंवा अंशतः तरी वाचलेली असावी. आज या विषयावरचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये लंडन येथे झाला आणि १९९६ पासून तो लागू आहे. त्यात 'व्हेसल' या शब्दाची व्याप्ती इतकी मोठी ठेवली आहे की तेलवाहू जहाजाबरोबर शिडाची चारजणांची नौकाही तिच्यात सहज बसते. सॅल्व्हेज हा मोठ्या जहाजांचा मामला, आपल्या छोट्या बोटीला त्याचे काय, हे समाधान त्यामुळे टिकत नाही.

तीन अटींपैकी वाद होतो तो बहुधा पहिल्या अटीवर. संकट अगदी गळ्याशी आलेले असावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. त्या वेळी त्या जागी असलेल्या समंजस कप्तानाला नुकसानीची रास्त भीती वाटली असती का आणि पुढे आलेली मदत त्याने नाकारली असती का, एवढेच पाहिले जाते. कल्पना करा की इंजिन बंद पडले आहे, पाणी शांत आहे, नांगर घट्ट धरून आहे, रेडिओ चालू आहे आणि बोटीत पाणी शिरत नाही. येथे येऊन कोणी दोर दिला तर ते टोइंग. दोन तासांनी वारा किनाऱ्याकडे वळला, लाटा वाढल्या, नांगर तळावरून घसरू लागला आणि पाठीमागे खडपे दिसू लागली, तर त्याच बोटीला, त्याच माणसाने, त्याच दोराने दिलेली मदत सॅल्व्हेज ठरू शकते. इंजिन दोन्ही वेळा तेवढेच बंद होते.

सर्वांत अवघड प्रकार वाळूवर रुतलेल्या बोटीचा. भरती चढत असेल, तळ मऊ असेल आणि हवा स्थिर असेल, तर थोड्या वेळाने बोट आपोआप तरंगेल. अशा वेळी कोणी ओढून काढली तर ती फार तर सोय म्हणावी लागेल. ओहोटीला रुतलेल्या बोटीची गोष्ट निराळी. पाणी उतरते तशी ती कुशीवर कलते, आणि पुढची भरती लाटा घेऊन आली तर सरळ उभी राहण्याआधी तिच्यात पाणी शिरू शकते किंवा प्रत्येक लाटेबरोबर तिचा तळ वाळूवर आपटत राहतो. मालक डेकवर बसून चहा पीत होता एवढ्यावरून संकट नव्हते असे म्हणता येत नाही, आणि वाचवणाऱ्याने नंतर रंगवून सांगितले म्हणून ते होतेच असेही नाही. या वादात त्या वेळी काढलेली छायाचित्रे, भरती-ओहोटीचे कोष्टक आणि हवामानाचा अंदाज यांना साक्षीदारांच्या आठवणींपेक्षा जास्त वजन असते. फोन खिशात असेलच, तर तो अशा वेळी नातेवाइकांना चित्रफिती पाठवण्यापेक्षा पाण्याची खोली दाखवणारे यंत्र, नांगराचा ताणलेला दोर आणि क्षितिजाची स्थिती टिपण्यासाठी वापरावा.

सॅल्व्हेजचा मोबदला एवढा का, असा रास्त प्रश्न विचारला जातो. टोइंगवाल्याला त्याच्या वेळेचे पैसे मिळतात. सॅल्व्हेज करणाऱ्याला निष्पत्तीचे. दिवसभर झटूनही बोट बुडाली तर सॅल्व्हेजवाल्याला सामान्यतः काहीच मिळत नाही. 'नो क्युअर, नो पे' हे तत्त्व ते हेच, आणि १९०८ पासून प्रचारात असलेल्या, लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराच्या प्रमाणित करारनाम्याच्या माथ्यावरही तेच असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये 'ब्लॅकवॉल' खटल्यात मोबदला ठरवण्याचे निकष मांडले, तेव्हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात पेटलेल्या जहाजाचा होता. एका टगबोटीने अग्निशामक बंब त्या जहाजापर्यंत नेले होते. श्रम, कौशल्य, तत्परता, पणाला लावलेल्या साधनांची किंमत, पत्करलेला धोका, वाचलेल्या मालमत्तेचे मूल्य आणि तिच्यावरच्या संकटाची तीव्रता पाहावी, असे न्यायालयाने सांगितले. १९८९ च्या कराराच्या तेराव्या कलमात याच धर्तीचे पण अधिक विस्तृत निकष आहेत आणि पर्यावरणाची हानी टाळण्यासाठी केलेल्या प्रयत्नांची त्यात भर पडली आहे. एखाद्या छोट्या बोटीच्या टाकीतले डिझेल खाडीत सांडू दिले नाही, हेही त्यामुळे मोबदल्यात मोजले जाऊ शकते. ठरावीक टक्केवारी मात्र कोठेही नाही. धक्क्यावर जे कोणी छातीठोकपणे 'इतके टक्के द्यावेच लागतात' असे सांगतात, ते ऐकीव सांगतात. वरची मर्यादा एकच आहे : व्याज आणि दाव्याचा खर्च सोडून मोबदला वाचलेल्या मालमत्तेच्या मूल्यापेक्षा जास्त असू शकत नाही.

मला स्वतःला ही व्यवस्था लुटीची वाटत नाही. वादळात बाहेर पडायला कोणी तयार व्हावा, पंप आणि पाणबुड्यांची साधने वर्षभर सज्ज ठेवावीत, असे वाटत असेल तर त्या तयारीची किंमत कोणाला तरी द्यावीच लागेल. माझा आक्षेप आहे तो न बोलता दोर फेकण्याला. संकट किरकोळ असताना गोड शब्दांत 'घ्या दोर, नंतर बघू' म्हणायचे आणि धक्क्याला लागल्यावर क्लिपबोर्डला लावलेला, बारीक अक्षरांत छापलेला कागद पुढे करायचा, असे करणारे लोकही या व्यवसायात आहेत. माझ्या ओळखीच्या एका मालकाने असा कागद टोइंगची पावती समजून ओल्या हाताने सही करून दिला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात बोट संकटात होती आणि ही सेवा सॅल्व्हेज म्हणून स्वीकारली, असे स्वच्छ लिहिले होते.

वार्षिक वर्गणी भरून टोइंगचे सभासद झालेल्यांची समजूत आणखी पक्की असते की आता सगळेच फुकट. या सभासदत्वाची प्रथा अमेरिकेत वाढली. जिवाला धोका नसलेल्या प्रसंगी तटरक्षक दलाने खासगी व्यावसायिकांच्या धंद्यात शिरू नये, असे धोरण तेथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आले, आणि 'सी टो'सारखी कंपनी १९८३ मध्ये सुरू झाली. अशा सभासदत्वात साधे टोइंग येते, आणि बहुधा मऊ तळावर हलकेच रुतलेली बोट सोडवणेही येते. म्हणजे बोट स्थिर असावी, लाटा फुटण्याच्या पट्ट्यात नसावी, आत पाणी शिरत नसावे आणि एकाच बोटीने फारसा खटाटोप न करता ती निघावी. दुसरी बोट लागली, पंप लावावा लागला किंवा ती फुटणाऱ्या लाटांत सापडली असेल, तर सभासदत्वाची हद्द संपते आणि सॅल्व्हेजची सुरू होते. ही रेषा कोठे आहे हे करारात लिहिलेले असते, पण वर्गणी भरताना ते पान कोणी उघडत नाही.

टोइंग म्हणून सुरू झालेले काम वाटेत सॅल्व्हेज होऊ शकते का? होऊ शकते, पण सहजासहजी नाही. 'मिनेहाहा' खटल्यात १८६१ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश अपील न्यायपीठाने ही कसोटी घालून दिली. करार करताना अपेक्षित नसलेले संकट उद्भवावे, ते टोइंग करणाऱ्याच्या चुकीने आलेले नसावे आणि कराराने अंगावर घेतलेल्या कामापलीकडची सेवा त्याने द्यावी, तरच तो जास्तीचे मागू शकतो. समुद्र थोडा खवळला, दोर एकदा तुटला, पोहोचायला उशीर झाला, एवढ्यावर टोइंगचे सॅल्व्हेज होत नाही. करार आधी झालेला असणे मालकाच्या हिताचे आहे ते यामुळे, मग तो रेडिओवर बोललेल्या दोन वाक्यांचा का असेना.

म्हणून दोर घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावाच : 'हे टोइंग आहे की सॅल्व्हेज, आणि टोइंग असेल तर दर किती?' उत्तर सोबतच्या लोकांना ऐकू येईल असे घ्यावे, शक्य असल्यास फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि वेळ लिहून ठेवावी. समोरच्याने सॅल्व्हेज म्हटले आणि परिस्थितीला थोडी उसंत असली, तर ठरावीक रकमेवर करार होतो का ते विचारावे, अनेकदा होतो. बोटीवर मालक नसला आणि मित्र किंवा मुलगा चालवत असला, तरी कप्तान म्हणून मालकाच्या वतीने सॅल्व्हेजचा करार करण्याचा अधिकार त्याला असतो, हे बोट उसनी देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मदत नको असेल तर स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. नकार स्पष्ट आणि परिस्थितीला धरून रास्त असेल, तर तो डावलून केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. मात्र 'रास्त' या शब्दाकडे दुर्लक्ष नको; बुडत्या बोटीवरून हट्टाने दिलेला नकार पुढे उपयोगी पडेलच असे नाही.

येथे एका लोकप्रिय समजुतीचाही समाचार घेतला पाहिजे. दोर आपला दिला तर सॅल्व्हेज लागत नाही आणि त्यांचा घेतला तर बोट त्यांची होते, असे अनुभवी म्हणवणारे लोकही सांगतात. दोन्ही अर्धी वाक्ये चुकीची आहेत. न्यायालय दोर कोणाचा होता हे पाहत बसत नाही, संकट होते का ते पाहते. आणि सॅल्व्हेज झाले म्हणून मालकी कधीच जात नाही; वाचवणाऱ्याला मोबदला आणि त्यापोटी बोटीवर सागरी धारणाधिकार, म्हणजे बोटीवरूनच मोबदला वसूल करण्याचा हक्क, मिळतो. माणसे उतरून गेल्यावर एकटी तरंगत राहिलेली बोटही सापडणाऱ्याच्या मालकीची होत नाही.

आपला दोर देण्याला एक निराळे, व्यावहारिक कारण मात्र आहे : त्याची स्थिती आपल्याला माहीत असते. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि ती ताकद साठवून ठेवतो. तो तुटला किंवा डेकवरचे क्लीट (दोर बांधण्याची खुंटी) उपटले, तर ते टोक गोळीसारखे मागे येते. अनेक छोट्या बोटींच्या क्लीटखाली आधाराची पट्टी नसते, नुसते स्क्रू असतात. त्यामुळे ताण दोन क्लीटांवर वाटून द्यावा आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. वेगाचेही तसेच. शिडाच्या जड नौकेची पाण्यातून जाण्याची मर्यादा तिच्या जलरेषेच्या लांबीवर असते. फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की ती नॉटमध्ये मिळते, म्हणजे २५ फूट जलरेषेच्या नौकेला सुमारे ६.७ नॉट. दोन मोठ्या इंजिनांच्या बोटीवरच्या माणसाला हा वेग गोगलगाईचा वाटतो आणि तो थ्रॉटल पुढे ढकलतो. असे झाले तर रेडिओवरून सांगावे आणि सांगितल्याची नोंद ठेवावी, कारण निष्काळजीपणाने केलेले नुकसान मोबदल्यातून वजा मागण्याचा हक्क मालकाला आहे.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट स्वतंत्र ठेवली पाहिजे. ज्यांचा जीव वाचवला त्यांच्याकडून सॅल्व्हेजचा मोबदला घेता येत नाही. आंतरराष्ट्रीय कराराचे सोळावे कलम हेच सांगते, आणि समुद्रात जीव धोक्यात असलेल्याला मदत करणे हे प्रत्येक कप्तानाचे कर्तव्यच आहे. बिलाच्या धास्तीने कोणी मेडे, म्हणजे जिवावरच्या संकटाचा रेडिओ संदेश, देण्यास कचरू नये. जीव धोक्यात नसताना, फक्त इंजिन बंद आहे अशा वेळी, रेडिओच्या चॅनेल १६ वर पॅन-पॅन, म्हणजे तातडीचा पण मेडेपेक्षा खालच्या पायरीचा, संदेश पुरेसा असतो. घाबरून उच्चारलेला 'आम्ही बुडतोय' हा शब्द ध्वनिमुद्रित होतो आणि नंतर संकटाचा पुरावा म्हणून पुढे ठेवला जातो, हे खरे आहे. पण पाणी खरोखरच गुडघ्यापर्यंत आले असेल तर शब्द निवडत बसण्याची ती वेळ नव्हे.

विम्याच्या पॉलिसीत टोइंग आणि सॅल्व्हेज यांच्यासाठी वेगवेगळी कलमे असतात आणि बहुतेकांना ती माहीत नसतात. टोइंगसाठी बहुधा एक छोटी स्वतंत्र मर्यादा असते. सॅल्व्हेजचा खर्च विमा सामान्यतः उचलतो, पण तो कशातून उचलतो हा खरा मुद्दा आहे. काही पॉलिसींत तो बोटीच्या विमारकमेव्यतिरिक्त मिळतो, तर काहींत त्याच रकमेतून वजा होतो. दुसऱ्या प्रकारात सॅल्व्हेजला मोठी रक्कम गेली की दुरुस्तीला उरलेले पैसे अपुरे पडतात आणि वाचलेली बोट यार्डात तशीच पडून राहते. शिवाय काही पॉलिसींत, संकटातल्या बोटीला मदत करण्याचा प्रसंग सोडून, मोबदला घेऊन दुसऱ्याची बोट ओढण्याला बंदी असते. शेजारधर्म म्हणून मित्राची बोट ओढणाऱ्याने आणि नंतर इंधनाचे म्हणून पैसे घेणाऱ्याने ते कलम एकदा वाचावे.

नद्या आणि तलावांवर बोट चालवणाऱ्यांचा मामला आणखी निराळा असू शकतो. थेम्स नदीवर रेडिंगजवळ 'गोरिंग' नावाची प्रवासी बोट निसटून बंधाऱ्याकडे वाहत चालली होती आणि काठावरच्या क्लबाच्या सभासदांनी ती वाचवली. त्यांनी सॅल्व्हेजचा दावा केला. ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८८ मध्ये तो फेटाळला, कारण भरती-ओहोटी न पोहोचणाऱ्या पाण्यात तेथील तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सॅल्व्हेज नव्हते. पुढच्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय कराराने 'कोणतेही पाणी' असा व्यापक शब्द वापरला, पण अंतर्गत जलमार्ग वगळण्याची मुभाही देशांना दिली. त्यामुळे आपण ज्या पाण्यात जातो तेथे कोणता नियम चालतो, हे निघण्यापूर्वी पाहणे बरे.

आणि एवढे करूनही सॅल्व्हेजची मागणी आलीच, तर धक्क्यावर कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही न करता पहिला फोन विमा कंपनीला करावा. मागणीबरोबर कामाची वेळवार नोंद, वापरलेल्या साधनांची यादी आणि छायाचित्रे मागावीत. वाचवणाऱ्याचे समाधान होईल अशी हमी मिळेपर्यंत बोट त्याच्या संमतीवाचून बंदरातून हलवता येत नाही, पण ही हमी रोख असण्याची गरज नाही. विमा कंपनीचे हमीपत्र बहुधा चालते आणि बोट मोकळी होते. रक्कम पटत नसेल तर लवाद किंवा न्यायालय आहे, आणि धोक्याच्या दबावाखाली झालेला अन्याय्य करार रद्द करण्याची किंवा बदलण्याची तरतूद १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सातव्या कलमात आहे. आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे दाव्याची मुदत काम संपल्यापासून दोन वर्षांची आहे, तेव्हा घाईने तडजोड करण्याचे कारण नसते. हिशेब मागितला म्हणून प्रामाणिक व्यावसायिक रागावत नाही. उलट त्याची वही आधीच तयार असते.

आपला विश्वासू,
एक हौशी नौकाधारक